हरल्यानंतरचा शनिवार

विल्यम्स महाविद्यालयाचे नाव मी प्रथम वाचले ते बास्केटबॉलच्या संदर्भात नव्हे, तर मराठी मुद्रणाच्या इतिहासात. १८१३ साली गॉर्डन हॉल हा अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात त्याच्यापासून होते. पुढे या मिशनने मुंबईत छापखाना चालवला आणि १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केले. हॉलला एवढे आयुष्य लाभले नाही. १८२६ साली नाशिकच्या परिसरात पटकीने त्याचा अंत झाला. हा मनुष्य मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स महाविद्यालयाचा १८०८ सालचा पदवीधर होता. वर्गात अव्वल इंग्रजी काळ शिकवताना या महाविद्यालयाचे आज काय चालले आहे, असे कुतूहल वाटले आणि मी त्याचे संकेतस्थळ उघडले. पहिल्याच पानावर गॉर्डन हॉल नव्हता. तेथे ॲमहर्स्टविरुद्धच्या बास्केटबॉल सामन्याचे वृत्त होते.

ते वाचले आणि अडकलो. तेव्हापासून हिवाळा आला की शनिवारी पहाटे साडेपाचला मी संगणकापुढे बसतो. तिकडे शुक्रवारचे सायंकाळचे सात वाजलेले असतात. दोन हजारांच्या आसपास विद्यार्थी असलेल्या एका डोंगराळ गावातील महाविद्यालयाचे खेळाडू तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या महाविद्यालयाशी खेळत असतात. एकच कॅमेरा, समालोचन करणारे दोन विद्यार्थी, अर्धीमुर्धी भरलेली बाके. घरातल्यांनी या प्रकाराला नाव ठेवून झाले आहे. सहकाऱ्यांपैकी ज्यांना क्रिकेट कळते, त्यांना मी काय पाहतो ते कळत नाही. ज्यांना बास्केटबॉल कळते, ते विचारतात की पाहायचेच तर एनबीए का पाहत नाही? या प्रश्नाचे उत्तर मला स्वतःलाही हवे होते. ते देण्याचा हा प्रयत्न.

प्रथम या स्पर्धेची घडण सांगितली पाहिजे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे तीन विभाग आहेत. त्यांपैकी तिसरा विभाग १९७३ साली वेगळा झाला आणि त्यात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. या विभागातील महाविद्यालये शेजारपाजारच्या गटांत बांधलेली असतात. अशा गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मी पाहतो ती न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स, संक्षेपाने ‘नेस्कॅक’, १९७१ साली स्थापन झाली. तिच्यात अकरा संस्था आहेत: विल्यम्स, ॲमहर्स्ट, वेस्लियन, ट्रिनिटी, टफ्ट्स, मिडलबरी, हॅमिल्टन, कनेक्टिकट कॉलेज, आणि मेन राज्यातील बोडिन, बेट्स व कोल्बी. प्रत्येक संघ उरलेल्या दहांशी एकेकदा खेळतो. पाच सामने घरी, पाच परगावी. बहुतेक सामने जानेवारी-फेब्रुवारीत, शुक्रवार-शनिवार असे जोडीने येतात. अखेरीस पहिले आठ संघ बाद फेरीत जातात आणि त्या फेरीचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत हक्काने प्रवेश मिळवतो.

एवढेच. पण या ‘एवढेच’मध्ये एक मोठी सोय आहे. हा हंगाम एका माणसाच्या डोक्यात संपूर्ण मावतो. अकरा संघांचे पंचावन्न सामने. एनबीएमध्ये एक संघच ब्याऐंशी सामने खेळतो, आणि त्यातला एखादा सामना नाही पाहिला तर काहीही बिघडत नाही. इथे दहांतला एक चुकला तर गोष्टीचा एक दशांश भाग गेला. डिसेंबरात चाचरत खेळणारा पहिल्या वर्षाचा मुलगा फेब्रुवारीत निर्धास्तपणे चेंडू हाताळू लागतो, हे आपण स्वतः पाहिलेले असते. एखाद्या छोट्या नियतकालिकाचे सगळे अंक क्रमाने वाचणाऱ्याला जे मिळते, ते निवडक साहित्याचा संग्रह वाचणाऱ्याला मिळत नाही. संग्रहात शिखरे असतात. अंकांत चढ दिसतो. मी साहित्याचा विद्यार्थी आहे, मला चढ पाहायला आवडतो.

दुसरी गोष्ट पराभवाची. शुक्रवारी रात्री संघ हरतो. बसमध्ये बसून दुसऱ्या गावी जातो आणि शनिवारी दुपारी, वीस तासांच्या आत, पुन्हा मैदानात उतरतो. शुक्रवारच्या चुकांचा शोक करायला वेळ नसतो; त्या सुधारायला मात्र चाळीस मिनिटे मिळतात. शुक्रवारी मोक्याच्या क्षणी दोन फ्री थ्रो चुकवलेला खेळाडू शनिवारी पुन्हा त्याच रेषेवर उभा राहतो, हे पाहणे माझ्या मते या हंगामातला सर्वांत मोठा ऐवज आहे. तो दुसऱ्यांदाही चुकू शकतो; अनेकदा चुकतोही. पण त्याला उभे राहायला मिळाले.

यात रोमँटिक होण्याचा धोका आहे, हे मी जाणतो. निर्लोभ, निर्मळ, हौशी खेळ असे चित्र रंगवणे सोपे आहे. ते खरे नाही. या महाविद्यालयांचा वर्षाचा पूर्ण खर्च आज ८० हजार डॉलरांच्या वर आहे. गरजेनुसार आर्थिक साहाय्य मिळते हे खरे, परंतु या संस्थांत प्रवेश मिळणे हाच अमेरिकी समाजातला एक मोठा विशेषाधिकार आहे. जेम्स शुलमन आणि विल्यम बोवेन यांनी २००१ साली ‘द गेम ऑफ लाइफ’ या ग्रंथात दाखवून दिले की, अशा निवडक लहान महाविद्यालयांत खेळाडूंना प्रवेशासाठी मोठे झुकते माप मिळते, आणि विद्यार्थिसंख्या लहान असल्यामुळे तेथे खेळाडूंचे प्रमाण मोठ्या क्रीडाप्रसिद्ध विद्यापीठांपेक्षा कितीतरी अधिक असते. मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश. शिष्यवृत्ती नाही म्हणून व्यवहार नाही, असे नव्हे. व्यवहार प्रवेशाच्या खिडकीवर होतो.

शिवाय वरच्या विभागाची हवा खालीही लागतेच. जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येतो. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या विभागातील विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली; पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. या निर्णयावर नाक मुरडण्याचे मला काही कारण दिसत नाही. ज्यांच्या खेळावर इतरांनी कोट्यवधी मिळवले, त्यांना त्यातला वाटा मिळालाच पाहिजे. पण त्याचा अर्थ असाही की, लहान महाविद्यालयात उमललेला खेळाडू पूर्वीपेक्षा लवकर वर उचलला जाईल. विल्यम्सचा डंकन रॉबिन्सन पहिल्याच वर्षी, २०१४ साली, संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तो सामना विल्यम्सने अखेरच्या क्षणी ७३–७५ असा गमावला. त्यानंतर रॉबिन्सन मिशिगन विद्यापीठात गेला आणि पुढे एनबीएमध्ये नावारूपाला आला. तेव्हा ही अपूर्वाई होती. आता एका संस्थेतून दुसरीत जाण्याचे नियम सैल झाले आहेत.

तेव्हा माझा मुद्दा पावित्र्याचा नाहीच. मुद्दा रचनेचा आहे. आणि तो मला आपल्याकडच्या एका दृश्यामुळे सुचला.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेला. त्यातला एक मुलगा माझ्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात होता. महिनाभर तो पहाटे मैदानावर असे. सिमेंटचे मैदान, एका बाजूच्या रिंगला जाळी नाही. स्पर्धेच्या दिवशी मंडळी पहाटेच्या एसटीने जिल्ह्याच्या गावी गेली. सकाळी सामना झाला, साडेदहाच्या सुमारास ते हरले आणि दुपारच्या एसटीने परत आले. दुसऱ्या दिवशी तासाला तो बसलेला दिसला तेव्हा मी विचारले, “काय रे, स्पर्धा?” तो म्हणाला, “संपली सर. एकच मॅच होती.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बसची वेळ सांगावी तसे त्याने ते सांगितले. पुढच्या वर्षीही तसेच झाले. पदवीची तीन वर्षे संपली तेव्हा त्याच्या खाती तीन सामने होते.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा प्रामुख्याने बाद पद्धतीने होतात. बाद पद्धतीचा हिशेब साधा आहे: सोळा संघ आले तर पहिल्याच फेरीत आठ घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांची वर्षभराची स्पर्धा चाळीस मिनिटांची असते. आयोजकांच्या दृष्टीने हे सोयीचे आहे. दोन दिवसांत विजेता ठरतो, विद्यापीठाच्या संघासाठी निवड उरकते, प्रमाणपत्रे छापली जातात, वाढीव गुणांची यादी तयार होते. पण या साऱ्यात खेळ हे सर्वोत्तमांना शोधून काढायचे साधन झाले आहे. उरलेल्यांना खेळ काय देतो, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. बोर्डाची गुणवत्ता यादी बंद झाली, तरी यादीची ती वृत्ती आपल्या हाडांत आहे. पहिला कोण ते कळले की आपले काम संपते.

येथे आक्षेप ठरलेला आहे: अमेरिकेतल्या श्रीमंत महाविद्यालयांची तुलना आपल्याशी कशी होणार? त्यांच्याकडे गरम हवेची व्यायामशाळा, वातानुकूलित बस, पूर्णवेळ प्रशिक्षक. ॲमहर्स्टचे डेव्हिड हिक्सन १९७७ पासून २०२० पर्यंत तेथे प्रशिक्षक होते. आठशेहून अधिक सामने आणि २००७ व २०१३ ची राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या संघांनी जिंकली. २०२३ साली स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. आपल्याकडे अनेक ठिकाणी क्रीडा शिक्षकाची जागाच भरलेली नसते. आक्षेप खरा आहे. परंतु साखळीला लागतात ते पैसे नव्हेत, शेजारी लागतात. एका तालुक्याच्या पंचक्रोशीत सहा महाविद्यालये असतील, तर प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायला एकूण पंधरा सामने लागतात, प्रत्येक संघाला पाच. शनिवारी दुपारी एक सामना धरला तर पाच शनिवार. अंतर एसटीच्या तासाभराचे. मुक्काम नाही, मंडप नाही, उद्घाटक नाही. सत्र परीक्षांच्या जंजाळातही पाच शनिवार निघू शकतात. आपण त्याहून कितीतरी अधिक दिवस कशाकशाच्या ‘सप्ताहां’वर घालवतो.

हा खेळही अशाच तंगीतून जन्मला आहे, याची येथे आठवण द्यावीशी वाटते. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथपुढे अठरा कंटाळलेले विद्यार्थी होते आणि बाहेर हिवाळा होता. त्याने सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊचे दोन संघ केले. पुढे वायएमसीएच्याच वाटेने हा खेळ भारतात आला. वर्गातल्या प्रत्येकाला खेळायला मिळावे, ही त्याच्या जन्माची अट होती. सर्वोत्तम अठरा निवडण्यासाठी तो निघाला नव्हता.

बाद पद्धत नकोच, असेही माझे म्हणणे नाही. नेस्कॅकमध्येही अखेरीस ती आहेच, आणि दहा सामने उत्तम खेळलेला संघ फेब्रुवारीच्या एका वाईट दुपारी गारद होतो, तेव्हा पोटात कालवते. २०२५ साली ट्रिनिटीने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेही बाद फेऱ्या पार करूनच. फरक इतकाच की, तेथे बाद होण्यापूर्वी हंगाम असतो. निकालाआधी गोष्ट असते. आपण निकाल ठेवला आणि गोष्ट कापून टाकली.

हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्याला तिकडे ‘सीनियर डे’ म्हणतात. चौथ्या वर्षाचे खेळाडू आईवडिलांसह मैदानाच्या मध्यावर येतात, नावे पुकारली जातात. चार वर्षे बहुतांशी बाकावर बसलेला एखादा मुलगा पुष्कळदा त्या दिवशी पहिल्या पाचांत उतरतो. तो काही एनबीएत जाणार नसतो. एखाद्या बँकेत, शाळेत, इस्पितळात जाईल. पहाटेच्या अंधारात ते पाहताना मला हटकून माझा तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आठवतो. त्याला निरोप द्यायला कुणाला सवड नव्हती, कारण तो कधी संपला ते कुणाला कळलेच नाही. त्याला विजेतेपद मिळाले नाही, याचे मला वाईट वाटत नाही. त्याला हरल्यानंतरचा शनिवार मिळाला नाही, याचे वाटते. तो देणे आपल्या हातात होते.