मारिओच्या खेळाचे गुण आणि दोष

सुट्टी लागली की मुलांच्या खेळाचा प्रश्न घरोघरी निघतो. व्हिडिओ गेम म्हणजे वेळेची नासाडी, असे एका वाक्यात सांगून आपण पालक मोकळे होतो. पण पुस्तक न वाचता त्यावर मत देऊ नये, हा नियम खेळालाही लावला पाहिजे. म्हणून आज एका जुन्या, सर्वांच्या परिचयाच्या खेळाची तपासणी करू. तो खेळ म्हणजे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८५ साली हा खेळ काढला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. मिशीवाला मारिओ डावीकडून उजवीकडे धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो आणि कैदेतल्या राजकन्येला सोडवतो, एवढीच गोष्ट. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण ३२ टप्पे. जगभर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो बहुधा नकली टीव्ही गेममधून आला. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात तेच थोडे खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. डहाणूत ज्यांना परवडले त्यांच्या घरी टीव्ही गेम आला. बाकीची मुले दुकानात तासाचे पैसे मोजून खेळत. तलासरीच्या कित्येक पाड्यांवर तर तेव्हा वीजच पोचली नव्हती.

आधी गुण पाहू. पहिला गुण म्हणजे हा खेळ उत्तम शिक्षक आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. कुठे जायचे ते अक्षरओळख नसलेल्या मुलालाही कळते. पुढे एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर जीव जातो, पण सुरुवातच असल्याने फारसे नुकसान होत नाही. पहिल्या टप्प्याच्या शेवटी दोन पायऱ्यांच्या मध्ये साधी जमीन आहे. तिथे उडी चुकली तरी काही होत नाही. लगेच पुढे तशाच दोन पायऱ्या येतात, पण मध्ये खड्डा असतो. आधी सराव, मग परीक्षा! आपल्या अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा धडा जरूर घ्यावा.

दुसरा गुण काटकसरीचा. अख्खा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच, फक्त रंग वेगळा. तिसरा गुण म्हणजे खेळ फसवत नाही. बटण दाबून धरले की उडी उंच, लगेच सोडले की ठेंगणी. खड्ड्यात पडलो तर चूक कुणाची, हे मुलाला स्वतःलाच कळते.

आता दोष. पडदा एकदा पुढे सरकला की मागे जाता येत नाही. चौथ्या, सातव्या आणि आठव्या जगाच्या किल्ल्यात वाट चुकली तर तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येतो, आणि घड्याळ मात्र चालूच राहते. नंतरचे काही टप्पे आधीचेच थोडे अवघड करून पुन्हा दिले आहेत. राजकन्येला शेवटपर्यंत वाट पाहण्यापलीकडे काम नाही. १९८८ साली अमेरिकेत निघालेल्या दुसऱ्या भागात ती स्वतः धावू लागली, ही समाधानाची बाब.

परंतु सर्वांत मोठा दोष निराळाच आहे. सुरुवातीला तीन जीव मिळतात. ते संपले की खेळ पुन्हा पहिल्यापासून. केलेली प्रगती जपून ठेवण्याची सोय नाही. घरी टीव्ही गेम असलेल्या मुलाला संध्याकाळभर सराव करता येई. तासाचे पैसे भरलेल्या मुलाला वीज गेली, वेळ संपली की पुढच्या खेपेला पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागे. नियम दोघांना सारखे, पण वेळ सारखा नव्हता.

त्यावर तोड खेळातच होती! खेळ संपल्यावर पहिल्या पडद्यावर ‘ए’ बटण दाबून धरायचे आणि ‘स्टार्ट’ दाबायचे, की ज्या जगात हरलो त्याच जगापासून पुन्हा सुरुवात करता येते. पण ही सवलत पडद्यावर कुठेही लिहिलेली नाही. दुसऱ्या टप्प्यात छतावरच्या विटांवरून चालत गेले की थेट चौथ्या जगापर्यंत नेणारे नळ सापडतात. तेही असेच लपवलेले. ज्याला कुणी सांगितले तो पुढे गेला. ज्याला कुणी सांगितले नाही, तो स्वतःला कच्चा समजून घरी परतला.

वाचकहो, कचेरीत काम करताना हाच प्रकार रोज दिसतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत वाढलेली असते, पण ती ज्याच्या कानावर पडली त्याच्याच कामाची. न सांगितलेली सवलत गरजूंपर्यंत पोचत नाही.

निन्टेंडोने १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये प्रगती जपण्याची सोय केली आणि हा दोष निघाला. तेव्हा मुलांना हा जुना खेळ जरूर खेळू द्या. वेळ ठरवून, अभ्यास आटोपल्यावर. मुलीलाही रिमोट द्या. आणि ज्याला युक्ती सापडेल त्याने ती शेजारच्या मुलाला सांगायची, एवढा एक नियम घरात जरूर घाला.