विश्लेषण : बाख यांचे ‘समग्र’ संगीत पुन्हा पुन्हा का छापावे लागते?

बरोक संगीताचे शिखर मानले जाणारे योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये निवर्तले. त्यांचे समग्र संगीत त्यानंतर दोनदा छापले गेले आणि दुसरी आवृत्ती पूर्ण होताच तिची दुरुस्तीही सुरू झाली. हा खटाटोप कशासाठी आणि त्याचे फळ कोणाला मिळायला हवे?

मूळ अडचण काय?

बाख यांच्या हयातीत त्यांच्या मोजक्याच रचना छापल्या गेल्या. बाकीच्या त्यांच्या हस्ताक्षरात किंवा शिष्य, कुटुंबीय व नकलनविसांच्या प्रतींत उरल्या. या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणता पाठ ग्राह्य धरला आणि का, हे पुराव्यासह सांगते ती चिकित्सक आवृत्ती. १८५० मध्ये लाइपझिगमध्ये स्थापन झालेल्या ‘बाख गेझेलशाफ्ट’ने पहिली आवृत्ती ४६ खंडांत काढली. त्यासाठी जवळपास अर्धशतक लागले.

एक रचना, चार खंड?

‘बी मायनर मास’ ही धार्मिक रचना १८५६ मध्ये मूळ हस्तलिखिताविनाच छापावी लागली. ते मिळाल्यावर वर्षभरात सुधारित खंड निघाला. १९५४ मध्ये ‘नवी बाख आवृत्ती’ सुरू झाली. तिच्यातील याच रचनेच्या खंडावर अभ्यासकांनी कडक टीका केली, आणि २०१० मध्ये चौथा खंड आला. कारण हस्तलिखितात बाख यांच्यानंतर पुत्र कार्ल फिलिप इमान्युएल यांनीही फेरफार केले होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने शाई तपासून बाप-लेकाचे हात वेगळे करण्यात आले.

नव्या आवृत्तीने काय साधले?

फाळणी झालेल्या जर्मनीत ग्योटिंगेन आणि लाइपझिग अशा दोन्ही बाजूंनी हे काम चालले. ते २००७ मध्ये संपले. कागदातील जलचिन्हे आणि नकलनविसांची अक्षरे तपासून आल्फ्रेड ड्युर आणि गेऑर्ग फॉन डाडेल्सेन यांनी रचनांचा कालक्रमच बदलला. लाइपझिगमधील बहुतेक कँटाटा १७२३ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच रचले गेल्याचे त्यातून दिसले.

पैसा कोणाचा, उपयोग कोणाला?

अशा कामांना सरकारी निधी लागतो. बाजारावर ती उभी राहत नाहीत. पण छापील खंड ग्रंथालयांनाच परवडतात. एखादे छोटे गायकवृंद मग इंटरनेटवर फुकट मिळणारी एकोणिसाव्या शतकातील आवृत्ती उचलते आणि त्यातल्या चुकांसह गाते. संशोधन एकीकडे, सादरीकरण दुसरीकडे.

यावर उपाय सापडलेला आहे. मोझार्ट यांची नवी समग्र आवृत्ती साल्झबुर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानने २००६ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. प्रकाशकांना उत्पन्न हवे, हा आक्षेप खोटा नाही. वादकांसाठीच्या सुट्या प्रती विकून ते मिळवता येते. मात्र जनतेच्या पैशातून ठरवलेला पाठ जनतेला खुला असावा, ही अट निधी देतानाच घालायला हवी. पाठ खुला असेल, तर पुढची चूक सापडल्यावर ती सुधारायला अर्धशतक थांबावे लागणार नाही.