विमानाचे तास आणि शरीराचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला त्यासाठी साधारण १५ ते १६ तास लागतात. परतताना पश्चिमेकडून येणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांची साथ मिळते, म्हणून वेळ थोडा कमी होतो. लेकीकडे किंवा मुलाकडे निघालेल्या आईवडिलांचे तिकीट काढताना घरात चर्चा होते ती याच तासांची आणि भाड्याची. हा प्रवास त्यांच्या प्रकृतीला झेपेल का, हा प्रश्न बॅगांच्या वजनानंतर येतो. तो आधी यायला हवा.

लांबच्या विमानप्रवासात शरीरावर दोन वेगळे ताण येतात. पहिला बसून राहण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. निरोगी माणसात हे प्रमाण सहा हजारांत एक इतके कमी आहे. पण वय, लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल, तर गणित बदलते.

दुसरा ताण घड्याळाचा. न्यूयॉर्क भारताच्या उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी जुळताना ढोबळमानाने दिवसाला एकच तास सरकते. पूर्वेकडे येताना ते अधिक जड जाते. म्हणजे तासाभराने छोटा असलेला परतीचा प्रवासच झोपेला जास्त छळतो.

मधुमेहींसाठी हा फरक गैरसोयीपुरता उरत नाही. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, येताना आखडतो. इन्सुलिनचा डोस कोणत्या घड्याळाने घ्यायचा, हे विमानात बसल्यावर ठरवणे धोक्याचे. ते वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे आणि औषधे हातातल्या बॅगेत ठेवावीत.

स्वच्छतागृहात जायला संकोच वाटतो म्हणून अनेक ज्येष्ठ विमानात पाणीच टाळतात. केबिनची हवा मुळातच कोरडी असते. त्यांच्यासाठी खिडकीपेक्षा कडेची जागा बरी; उठणे, चार पावले फिरणे सोपे होते. धोका जास्त असलेल्यांना डॉक्टर दाबाचे पायमोजे सुचवतात. गुठळी होऊ नये म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेणे मात्र योग्य नाही.

मुलांनीही एक पथ्य पाळावे. आईवडील पोहोचले की दुसऱ्याच दिवशी नायगारा गाठण्याचा बेत नको. पहिले तीन-चार दिवस मोकळे ठेवावेत आणि सकाळच्या उन्हात थोडे फिरणे होऊ द्यावे. पायाला एकाच बाजूने सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून थांबू नये. तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. विमान सोळा तासांत पोहोचते. शरीराला पोहोचायला आठवडा लागू शकतो, आणि तो आठवडाही प्रवासाच्या खर्चातच धरायला हवा.