टंचाई कोणाच्या सोयीची?

३ फेब्रुवारी २०११ रोजी इंटरनेटच्या मध्यवर्ती भांडारातील पत्त्यांचे अखेरचे पाच गट जगातील पाच प्रादेशिक नोंदणीसंस्थांना वाटण्यात आले आणि भांडार रिते झाले. इंटरनेटशी जोडलेल्या यंत्राला ओळखीसाठी एक संख्यारूप पत्ता लागतो. १९८१ साली निश्चित झालेल्या आयपीव्ही-४ या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच संभवतात. पृथ्वीवर माणसेच याहून कितीतरी अधिक आहेत. उपाय ठाऊक नव्हता असे नव्हे. व्यवहारतः अमर्याद पत्ते देणारी आयपीव्ही-६ ही पद्धती १९९५ सालीच प्रसिद्ध झाली होती. तरीही तीन दशकांनंतर, गूगलच्या मोजणीनुसार, जगातील निम्म्याच्या आसपास वापरकर्त्यांपर्यंतच ती पोहोचली आहे. या विलंबाचे कारण केवळ तांत्रिक असल्याचे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे.

दोन्ही पद्धतींची यंत्रे एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत. त्यामुळे स्थित्यंतराच्या काळात दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी चालवाव्या लागतात, हे खरे. परंतु हा खर्च प्रथम पाऊल टाकणाऱ्याने सोसावयाचा आणि लाभ मात्र सर्वांना व्हावयाचा, अशी ही रचना आहे. नफ्याच्या हिशेबाने चालणारा प्रत्येक जण अशा वेळी शेजाऱ्याची वाट पाहतो. सामाजिक गरज बाजारावर सोपविली की काय होते, याचे हे पाठ्यपुस्तकातील उदाहरण ठरावे.

जुन्या पत्त्यांच्या वाटपाचा इतिहास याहून बोलका आहे. प्रारंभी आलेल्यांना मागतील तितके पत्ते विनामूल्य मिळाले. अमेरिकेतील एमआयटी या एका शिक्षणसंस्थेकडे सुमारे १ कोटी ६८ लाख पत्ते होते. १४० कोटींच्या भारताच्या वाट्याला सगळे मिळून चार कोटींच्या आसपास आले. गरजेनुसार मिळालेले हे पत्ते पुढे विक्रीची वस्तू बनले. २०११ साली दिवाळखोर नॉर्टेल कंपनीचे ६ लाख ६६ हजार ६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. २०१७ साली एमआयटीनेही आपले लक्षावधी पत्ते विकावयास काढले. न कसलेल्या जमिनीवर खंड घेणाऱ्या जमीनदाराची ही नवी आवृत्ती होय. जुना साठा मौल्यवान राहावा, असे ज्यांना वाटते, त्यांना नव्या पद्धतीची घाई कशी असेल?

या टंचाईची किंमत सामान्य माणूस मोजतो. शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कोंबले जाते. त्यांतील एकाच्या गैरवर्तनाने तो पत्ता रोखला गेला, तर शिक्षा सर्वांना होते. शिवाय अशा ग्राहकाला बाहेरून थेट गाठता येत नाही. एखादी ग्रामीण शाळा वा सहकारी संस्था आपल्याच खोलीतल्या यंत्रावरून आपली सेवा जगाला सहजी देऊ शकत नाही. तिने मोठ्या कंपनीच्या दारी भाड्याने जागा घ्यावी, हाच सरळ मार्ग उरतो. इंटरनेटवरील नागरिक असा केवळ गिऱ्हाईक बनून राहतो.

भारताचा अनुभव येथे दुहेरी आहे. जुलै २०१० मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि मार्च २०१२ पर्यंत केंद्र व राज्यांच्या सर्व खात्यांनी नवी पद्धती वापरू लागावे, असे ठरविले. ती मुदत टळली. पुढे मुदती पुनःपुन्हा वाढविण्यात आल्या. खरी गती आली ती २०१६ नंतर, ४जी मोबाईलच्या प्रसाराने. जुने पत्ते पुरेसे नसल्याने नव्या मोबाईल जाळ्यांना दुसरा मार्ग नव्हता. आज भारत या बाबतीत जगात आघाडीवर आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ही आघाडी प्रामुख्याने मूठभर खाजगी मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यांवर उभी आहे, याचे विस्मरण होता कामा नये.

म्हणून मागणी स्पष्ट असावयास हवी. सार्वजनिक पैशातून खरेदी होणारे प्रत्येक यंत्र व प्रत्येक सरकारी संकेतस्थळ नव्या पद्धतीवर चाललेच पाहिजे. मुदत चुकविणाऱ्या खात्याने विधिमंडळाला व संसदेला जाब दिला पाहिजे. वापराविना पडून असलेले जुने पत्ते विकले न जाता नोंदणीसंस्थांकडे परत गेले पाहिजेत. आणि नवा पत्ता देऊन कंपनीने ग्राहकाकडे येणारी वाट बंदच ठेवली, तर त्या पत्त्याला अर्थ उरत नाही; ती वाट उघडण्याचा अधिकार ग्राहकाकडेच असला पाहिजे. पत्त्यांची टंचाई आता संपविता येते. ती संपविण्याचे काम टंचाईवर जगणाऱ्यांच्या मर्जीवर सोडणे, हे लोकनियुक्त शासनाला शोभणारे नाही.