नाक चोंदले? घरचा उपाय करा, पण मुदत ठरवून!

दिवाळी सरते, पहाटेचा गारठा अंगाला झोंबू लागतो आणि घराघरांत चोंदलेल्या नाकांची हजेरी लागते. त्याच सुमारास उसाच्या फडांतले पाचट पेटते आणि त्याचा धूर संध्याकाळी गावावर उतरतो. कुणाचे कपाळ जड, कुणाचा गाल ठणकतो, कुणाला रात्रभर तोंडाने श्वास घ्यावा लागतो. दवाखान्यात आलेला रुग्ण खुर्चीत बसता बसताच सांगतो, "डॉक्टर, मला सायनस आहे." वास्तविक सायनस आपल्या सर्वांनाच आहेत! तक्रार असते ती त्यांची वाट बंद झाल्याची.

अशा रुग्णांपैकी बहुतेकांनी घरी काही ना काही केलेले असते. वाफ, काढा, बाम, कापराची पुरचुंडी, नाकात तूप आणि अलीकडे मोबाईलवर आलेला एखादा जालीम उपाय. घरच्या उपायांकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. काहींना आजीने सांगितलेले सगळेच अमृत वाटते, तर काहींना ते सगळेच खुळचट वाटते. मला दोन्ही पटत नाहीत. उपाय जुना की नवा, झाडपाल्याचा की दुकानातला, हा प्रश्न गौण आहे. प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारावेत. त्याने नेमके काय होते? त्यापासून इजा होऊ शकते का? आणि तो किती दिवस करायचा? यातला तिसरा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही आणि खरे नुकसान तेथेच होते.

सायनस म्हणजे काय?

कपाळात, गालांत, दोन डोळ्यांच्या मधे आणि नाकाच्या अगदी मागे, हाडांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. त्यांच्या चार जोड्या आहेत. या पोकळ्यांचे आणि नाकाचे अस्तर सतत पातळ, चिकट स्राव तयार करते. अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस तो स्राव ढकलत ढकलत घशाकडे नेतात आणि आपण तो नकळत गिळतो. धूळ, जंतू, धूर यांना बाहेर काढण्याची ही निसर्गाची सोय आहे.

सर्दी झाली की अस्तर सुजते. या पोकळ्यांची नाकात उघडणारी छिद्रे मुळात बारीक असतात. ती बंद होतात. गालातल्या पोकळीचे छिद्र तर तळाशी नसून वरच्या बाजूला असते. माठाचे भोक तळाऐवजी गळ्याशी पाडल्यासारखाच हा प्रकार! त्यामुळे आत साठलेला स्राव सहज वाहून जात नाही. डोके जड होते, वाकले की गाल ठणकतो. म्हणजे उपाय करायचा तो सूज उतरेपर्यंत वाट मोकळी ठेवण्याचा. ही गोष्ट लक्षात ठेवली की कोणता उपाय कामाचा आणि कोणता नुसता समाधानाचा, हे आपोआप कळू लागते.

मिठाचे पाणी : स्वस्त आणि मस्त

घरच्या उपायांत मी पहिला मान देतो मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला. हठयोगातील षट्क्रियांमध्ये नेतीचा समावेश आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास सुरू केला. पुढे जलनेती अनेकांच्या परिचयाची झाली. आज जगभरचे कान-नाक-घसा तज्ज्ञ रुग्णांना हाच उपाय सांगतात. ब्रिटनमध्ये वारंवार सायनसचा त्रास होणाऱ्या ८७१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिठाच्या पाण्याने नाक धुणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही काहीसा फायदा दिसला. वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी थोडी कमी झाली, बाकी फरक पडला नाही.

कृती सोपी आहे. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळावे, उकळी फुटल्यावर पाच मिनिटे ठेवावे आणि झाकून कोमट होऊ द्यावे. त्यात चहाचा एक सपाट चमचा बारीक मीठ विरघळवावे. बेसिनवर किंवा मोरीत वाकून मान एका बाजूला कलती करावी, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत पाण्याची बारीक धार सोडावी. ती दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर येते. नंतर हलकेच नाक शिंकरावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर लावू नये. नेतीचे भांडे नसेल तर सुई नसलेली मोठी सिरिंज चालते. पाणी झोंबले तर मिठाचे प्रमाण चुकले असे समजावे. कान दुखत असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल तर मात्र हा प्रयोग करू नये.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. नळाचे, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी न उकळता नाकात कधीही घालू नका. गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. हेच पाणी प्यायले तर तो काही करत नाही, पण नाकातून गेला तर होणारा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्ती अशा दगावल्या. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये या आजाराचे बरेच रुग्ण आढळले. आजार दुर्मीळ आहे, पण पाच मिनिटांच्या उकळीने टळणारा धोका पत्करायचा कशाला?

वाफ, काढा आणि बाम

वाफेने बरे वाटते हे खरे. ओलसर उष्ण हवेने घट्ट झालेला शेंबूड सैल होतो. परंतु वाफ सायनसच्या आतपर्यंत पोहोचून जंतू मारते, हा समज चुकीचा आहे. मोठ्या माणसाने दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे वाफ घ्यावी; पातेले टेबलावर किंवा ओट्यावर स्थिर ठेवावे. खाटेवर, मांडीवर कधीही ठेवू नये. लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरणे मला मुळीच मान्य नाही. मूल घाबरते, हातपाय झाडते आणि पातेले अंगावर येते. कोरोनाच्या काळात, २०२० साली, घरोघर वाफ घेण्याची लाट आली तेव्हा ब्रिटनमधील बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना वाफेच्या पाण्याने भाजलेल्या मुलांची संख्या ठळकपणे वाढल्याचे आढळले. सर्दी आठवड्यात जाते, भाजल्याचा व्रण जन्मभर राहतो.

गवती चहा, आले, तुळस, चार मिरी घातलेला काढा खुशाल प्यावा. गरम पेयाने घसा शेकतो, शरीराला पाणी मिळते, आराम वाटतो. ब्रिटनमध्ये २००८ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासातही असेच दिसले : नाकातली हवा फारशी मोकळी झाली नाही, पण रुग्णांना लगेच हुशारी वाटली. आजारपणात तेही काही थोडके नाही. मात्र काढा म्हणजे पाच-सहा पेले मिऱ्या-दालचिनीचा अर्क नव्हे. तसे केले तर सर्दी राहते बाजूला आणि छातीत जळजळ सुरू होते. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही लावू नये.

बामची गंमत वेगळीच आहे. त्यातील मेन्थॉलमुळे नाकातल्या थंडाव्याच्या नसा जाग्या होतात आणि मेंदूला वाटते की भरपूर हवा येत आहे. प्रत्यक्षात नाक होते तेवढेच बंद असते. मोठ्यांनी झोपण्यापूर्वी छातीला बाम चोळला तर हरकत नाही. पण कापूर असलेला बाम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये आणि कोणाच्याही नाकाच्या आत लावू नये. कापूर हे विष आहे, याचा आपल्याला देवघरातल्या ओळखीमुळे विसर पडतो. कापराची लहानशी वडी मुलाने गिळली तरी झटके येऊ शकतात.

बाळाच्या नाकात तेल नको

आपल्याकडे बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई टाळू भरते, मालीश करते आणि शेवटी नाकात तेलाचे दोन थेंब सोडते. नंतर ओवा, वावडिंगाची धुरी! यामागची माया मला कळते. पण तेलाला बाळ ठसकत नाही, ते गुपचूप श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते आणि तेथे तेलाचा न्यूमोनिया होतो. तो लवकर ओळखू येत नाही व प्रतिजैविकांनी बरा होत नाही. धुरीने तर बाळाचे नाजूक अस्तर अधिकच सुजते. बाळाचे नाक चोंदले तर औषधाच्या दुकानात मिळणारे साध्या सलाईनचे एक-दोन थेंब अंगावर पाजण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत टाकावेत. एवढे पुरते. सासूबाईंनी आणि सुनेने या एका मुद्द्यावर एकमत करावे, अशी माझी विनंती आहे.

दुकानातले 'घरगुती' उपाय

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वस्तूही आता घरगुतीच झाल्या आहेत. नाक झटक्यात मोकळे करणारे थेंब हे त्याचे उत्तम उदाहरण. ते तीन ते पाच दिवस उपयोगी आहेत. त्यापुढे वापरले की औषधाचा अंमल उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते. मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षे उशाशी बाटली घेऊन झोपणारी माणसे मी पाहतो. त्यांची मूळ सर्दी कधीच गेलेली असते, उरलेला आजार बाटलीचा असतो. ज्येष्ठ मंडळींची तपकिरीची डबी हाही याच जातीचा प्रकार. शिंका येऊन नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण ती तंबाखू आहे आणि तंबाखू म्हणजे व्यसन व कर्करोगाचा धोका.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असते. तोंडाने घेतलेले हे औषध नाक मोकळे करत नाही, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ साली एकमताने सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे औषध आणि क्लोरफेनिरामाइन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे बाटलीवर छापण्याचा आदेश दिला. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या अशाच एका सिरपमुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. साध्या सर्दीसाठी पाजलेले औषध होते ते! लहान मुलाच्या सर्दीला सिरपची घाई नको, एवढा धडा तरी आपण घ्यावा.

प्रतिजैविकांबद्दलही तेच. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके विषाणूंना मारत नाहीत. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवेच, हा समज सोडून द्यावा.

मुदत किती?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घरच्या उपायाला दहा दिवसांची मुदत द्या. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत ओसरते. दहा दिवसांनंतरही काहीच उतार नसेल, बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप आणि दुखणे उलटले असेल, किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस खूप ताप, घट्ट स्राव व गालाला ठणका असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

काही लक्षणांत दहा दिवसही थांबू नये. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान आखडणे, असह्य डोकेदुखी, ग्लानी; अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही रुग्णांनी तर अधिकच जपावे. २०२१ साली काळ्या बुरशीने महाराष्ट्रात हजारो रुग्णांना ग्रासले होते, ते कोणी विसरलेले नाही. चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, दात हलू लागणे ही तिची लक्षणे होत. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा स्राव येत असेल तर आत चिंचोका, हरभरा किंवा मणी अडकल्याचा संशय घ्यावा. घड्याळातला बटणासारखा सेल असेल तर काही तासांतच आतले अस्तर जळते. मोठ्या माणसाच्या एकाच बाजूला असा त्रास असेल तर वरची दाढ किडली आहे का, तेही पाहून घ्यावे.

आणि ज्यांचा त्रास दरवर्षी ठराविक दिवसांत उद्भवतो, पहाटे शिंकांच्या माळा लागतात, नाक-डोळे खाजतात, त्यांना बहुधा ॲलर्जी असते. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले गाजर गवत आज गावोगाव माजले आहे. त्याचे परागकण हे एक कारण. डासांची कॉइल, चुलीचा धूर, गाद्यांतली धूळ, पाचटाचा धूर ही दुसरी. येथे काढ्यांपेक्षा कारण दूर करणे महत्त्वाचे. अंगणातले गाजर गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. पाचट न जाळता शेतातच कुजू द्यावे. जमिनीलाही ते खत होते आणि गावाच्या नाकालाही विसावा मिळतो.

आजीच्या बटव्याला माझा विरोध नाही. त्यात उकळलेल्या मिठाच्या पाण्याला वरचा कप्पा द्यावा, बाळाच्या नाकातले तेल आणि तपकिरीची डबी काढून टाकावी. आणि जो उपाय कराल, त्याची पहिली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवावी, म्हणजे दहा दिवस कधी भरले ते विसरायला होणार नाही.