इंजिनाचा श्वास

सरबताची नळी ओठांत धरून तिच्यातूनच श्वास घ्या बघू! दम लागतो ना? 'फॉर्म्युला एसएई' ही कॉलेजच्या मुलांची रेसगाडी बनवण्याची स्पर्धा अमेरिकेत सुरू झाली. तिचा एक नियम असाच आहे. पेट्रोल इंजिनाने सगळी हवा एकाच गोल छिद्रातून घ्यायची, आणि ते फार तर 20 मिलिमीटर रुंद! पट्टीवर मोजून बघा.

मग ताकद कशी वाढवायची? हवेची नळी लांब ठेवली, तर इंजिन कमी वेगाच्या फेऱ्यांना चांगलं ओढतं. आखूड ठेवली, तर जास्त वेगाच्या. प्रत्येक लांबीची नळी बनवून बघायची, तर वर्ष सरेल! म्हणून मुलं कॉम्प्युटरमध्ये आकड्यांचं इंजिन तयार करतात. लांबी बदलली, की थोड्याच वेळात उत्तर हजर.

पण एक आकडा चुकीचा भरलात, तर कॉम्प्युटर मुकाट्याने चुकीचं उत्तर देतो! म्हणून खरं इंजिन चालवून त्याची ताकद मोजायची आणि दोन्ही उत्तरं जुळवायची. गणितात तुम्ही ताळा करता ना, तस्साच!

आता कोडं: चार फटक्यांच्या इंजिनाचा सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. मिनिटाला 6000 फेऱ्या, तर सेकंदाला किती श्वास? (उत्तर: 50.) ताळा करून बघा हं!