बोलण्याची अट कोणी घातली?

उमेदवारी ठरविण्याच्या बैठकीत कार्यकर्त्याच्या कामाची, त्यागाची आणि जनसंपर्काची चर्चा होते. पण अखेरीस एक प्रश्न हमखास निघतो, ‘भाषण बरे करतो ना?’ या प्रश्नापाशी कितीजण गळाले याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. २०११ च्या जनगणनेत वाचादोष असलेल्या नागरिकांची संख्या सुमारे २० लाख नोंदली गेली. मते मागायला आपण त्यांच्या दारी जातो. त्यांच्यापैकी कोणाला मते मागायला पाठवावे, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

कायद्यानेही त्यांच्याशी असाच व्यवहार केला आहे. ओडिशाच्या १९६४ च्या ग्रामपंचायत कायद्याने मूकबधिर व्यक्तीला सदस्यत्वास अपात्र ठरविले होते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने वाचादोषाला अपंगत्व म्हणून मान्यता दिली. पण त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांच्या ४ टक्के राखीव जागांच्या विभागणीत वाचादोषाचा स्वतंत्र उल्लेख नाही. तामिळनाडूने २०२५ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत अपंगांना नामनिर्देशनाने जागा देणारे कायदे केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळाला असे होत नाही, हा धडा आपण महाराष्ट्रात गिरविलेला आहे. महिला सरपंचाच्या खुर्चीमागून तिचा नवराच कारभार हाकतो, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे.

म्हणून येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सभासदाचे म्हणणे जसेच्या तसे सभागृहापर्यंत पोचविणारा दुभाषा वेगळा आणि त्याच्या नावाने स्वतःचे म्हणणे दामटणारा कैवारी वेगळा. पहिल्यामुळे प्रतिनिधित्व शक्य होते, दुसऱ्यामुळे ते हिरावले जाते. आपल्या घटनाकारांना हे उमगले होते. विधिमंडळाच्या मान्य भाषांत ज्याला नीट व्यक्त होता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलू देण्याचा अधिकार घटनेच्या २१० व्या कलमाने अध्यक्षांना दिला आहे. भिली वा कोरकू बोलणाऱ्या आदिवासी आमदारासाठी जे तत्त्व योग्य, तेच खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यासाठी आणि लिहून म्हणणे मांडणाऱ्यासाठी अयोग्य का ठरावे?

वक्तृत्वावाचून राजकारण अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे बोलणे आयुष्यभर अडखळतच होते. त्यांच्या पक्षाशी आपले मतभेद सर्वश्रुत आहेत. पण १९५७ साली केरळच्या जनतेने त्यांचा पक्ष निवडून दिला, ते मुख्यमंत्री झाले आणि जमीन सुधारणेचा प्रश्न त्यांच्या सरकारने धसास लावला. लोकांनी थांबून ऐकले. मात्र नंबुद्रिपादांपाशी विद्वत्ता होती, लेखणी होती आणि पाठीशी पक्ष होता. अडखळत बोलणाऱ्या शेतमजुराच्या पाठीशी कोण आहे?

डॉ. लोहियांनी विशेष संधीचा सिद्धांत मांडला, तो दयाबुद्धीने नव्हे. शतकानुशतके दबलेल्यांना समान संधी देऊन भागत नाही, हा त्यामागचा विचार होता. तोच येथे लागू करायचा आहे, आणि आरंभ आपल्या शाखेपासून करायचा आहे. अडखळणाऱ्या साथीचे वाक्य आपण पुरे करू नये. त्याला वेळ वाढवून द्यावा. जो लिहून आणील त्याचे निवेदन बैठकीत वाचले जावे आणि इतिवृत्तात त्याच्याच नावाने नोंदले जावे. मूकबधिर सभासद असेल तेथे दुभाष्याचा खर्च पक्षाने उचलावा. आणि येत्या स्थानिक निवडणुकांत अशा साथींना पडेल जागा न देता जिंकता येणारी जागा द्यावी.

बैठक अर्धा तास लांबेल, याची तक्रार होईल. ती होऊ द्यावी. ज्यांना आजवर कोणी बोलूच दिले नाही, त्यांच्यासाठी समाजवादी पक्षाला अर्धा तास काढता येत नसेल, तर समतेवरची आपली भाषणे तरी कोणी का ऐकावीत?